१२०० डिग्रीचा थर्मल फ्यूज कुठे मिळतो?



मी वडोदऱ्याहून बोलतोय. विजेच्या भट्ट्या बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. कॉलेजांच्या सिरॅमिक विभागातल्या भट्ट्या, प्रयोगशाळांतले मफल फर्नेस, दागिने ओतणाऱ्यांच्या छोट्या भट्ट्या, पावडर कोटिंगचे ओव्हन, असं सगळं माझ्याकडे येतं. म्हणजे खरं तर मीच त्यांच्याकडे जातो, कारण भट्टी काही पिशवीत घालून दुकानात आणता येत नाही.

आयोजकांनी विचारलं, कशावर बोलाल? मी म्हटलं, मला फोनवर सगळ्यात जास्त वेळा जो प्रश्न विचारला जातो, त्यावरच बोलतो. तो प्रश्न असा असतो: "दादा, १२०० डिग्रीचा थर्मल फ्यूज कुठे मिळेल?" कुणी इंदूरहून विचारतं, कुणी बेंगळुरूहून. कुणी लॅमिंग्टन रोड पालथा घातलेला असतो, कुणी दिल्लीचं लाजपतराय मार्केट, कुणी एस. पी. रोड, कुणी चेन्नईची रिची स्ट्रीट. दुकानदार २४० डिग्रीचा फ्यूज हातावर ठेवतो आणि म्हणतो, "यावर काही येत नाही." मग माणसाला वाटतं, या दुकानात नसेल, दुसरीकडे असेल.

तर उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना व्हिडिओ पुढे पळवायला नको. असा फ्यूज मिळत नाही. दुकानदार खरं बोलतोय. पण ज्या काळजीने तुम्ही तो शोधताय ती काळजी शंभर टक्के बरोबर आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. तो उपाय वेगळ्या नावाने मिळतो एवढंच. आजचं बोलणं त्याच्यासाठी.

आधी थर्मल फ्यूज म्हणजे काय ते पाहू. तुमच्या घरात आत्ता तीन-चार तरी असतील. इस्त्रीत असतो, राइस कुकरमध्ये असतो, हेअर ड्रायरमध्ये असतो, बऱ्याच मोटरच्या वाइंडिंगमध्ये पिवळ्या किंवा पांढऱ्या नळीत गुंडाळून बसवलेला असतो. दिसायला जाडसर रेझिस्टरसारखा. दोन्ही बाजूंना तारा, मध्ये धातूची बारीक नळी.

त्या नळीत एक गोळी असते, मेणासारख्या रसायनाची. ती ठरावीक तापमानाला वितळते. गोळी घट्ट असते तोवर ती आतल्या स्प्रिंगला दाबून धरते आणि संपर्क जोडलेला राहतो. गोळी वितळली की स्प्रिंग मोकळी होते, संपर्क सुटतो, वीज बंद. थंड झाल्यावर तो पुन्हा जोडला जात नाही. थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज यांच्यातला फरक इथेच आहे. थर्मोस्टॅट दिवसभर चालू-बंद करतो, थर्मल फ्यूज आयुष्यात एकदाच बंद करतो.

दुसऱ्या प्रकारात गोळीऐवजी कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा तुकडा असतो आणि वीज त्याच्यातूनच जाते. धातू वितळला की दोन्ही टोकांकडे थेंब होऊन गोळा होतो आणि मधली जागा तुटते. त्याच्याभोवती राळेसारखा फ्लक्स भरलेला असतो, म्हणजे थेंब नीट सुटे होतात. हा फ्लक्स लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फ्यूजच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात. पहिला टीएफ. या तापमानाला फ्यूज उडणार. तोही अगदी त्याच आकड्याला उडतो असं नाही. लिहिलेल्या आकड्याच्या खाली १० डिग्रीपर्यंत कुठेही उडू शकतो. दुसरा टीएच. या तापमानाला फ्यूज दीर्घकाळ न उडता टिकला पाहिजे. तो टीएफपेक्षा बराच खाली असतो, कधी ३०-४० डिग्रीसुद्धा. तिसरा टीएम. फ्यूज उडाल्यानंतर तापमान आणखी वाढत गेलं, तर या आकड्यापर्यंत तो पुन्हा जोडला जाणार नाही, अशी हमी. म्हणजे टीएमच्या वर गेलात तर उडालेला फ्यूजसुद्धा आतून जळून पुन्हा वीज सोडू शकतो. बाजारात फ्यूज घेताना सगळे फक्त पहिला आकडा विचारतात. भट्टीवाल्याने तिन्ही विचारले पाहिजेत.

आता हे आकडे मिळतात कुठपर्यंत? साधारण ७० डिग्रीपासून २४० डिग्रीपर्यंत भरपूर. काही मोजके प्रकार त्याहून थोडे वर जातात. आणि मग संपलं. ३०० च्या पुढे जवळजवळ शुकशुकाट. आणि आपली मातीची भांडी भाजायची भट्टी जाते १००० ते १३०० डिग्रीला.

का संपतं? कंपन्यांना बनवायचा कंटाळा आहे म्हणून नाही. एकेक भाग बघा. गोळीचं रसायन सेंद्रिय असतं. ३०० च्या पुढे अशी रसायनं वितळण्याऐवजी जळायला, विघटायला लागतात. तारेचं टोक जिथे बाहेर येतं तिथलं सील इपॉक्सीचं असतं. ते त्याआधीच करपतं. स्प्रिंग तापली की तिची ताकद जाते. साधी पोलादी स्प्रिंग तर पाणी उकळतं त्याच्या थोडं वर गेली तरी सैल पडायला लागते. खास मिश्रधातूच्या महागड्या स्प्रिंगाही ६०० च्या आसपास हात टेकतात. संपर्काच्या जागेवर उष्णतेने ऑक्साइड चढतं. म्हणजे ज्या यंत्राने वर्षानुवर्षं शांत बसून एका क्षणी हमखास काम करायचं, त्याचा प्रत्येक भाग त्या तापमानाला आधीच थकलेला असतो.

मग हुशार लोक विचारतात, "दादा, धातूची तारच लावली तर?" कल्पना वाईट नाही. प्रत्येक शुद्ध धातू ठरलेल्या तापमानाला वितळतो. कथील २३२ ला, शिसं ३२७ ला, जस्त ४२० ला, ॲल्युमिनियम ६६० ला, चांदी ९६२ ला, सोनं १०६४ ला, तांबं १०८५ ला. हे आकडे इतके पक्के आहेत की यांतले बरेचसे जगभर तापमापक तपासण्यासाठी वापरतात. तेव्हा भट्टीत चांदीची तार टाकली, तिच्यातून वीज नेली, की झाला ९६२ चा फ्यूज!

कागदावर होतो. भट्टीत होत नाही. ॲल्युमिनियम घ्या. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ पण चिवट पापुद्रा असतो, आणि तो ६६० ला वितळत नाही. आतला धातू पातळ होतो, पण पिशवीत दूध राहावं तसा पापुद्र्यात लटकत राहतो. तार वितळली तरी तुटत नाही. मघाशी सांगितलेला फ्लक्स आठवला? लहान फ्यूजमध्ये तो याच कामासाठी असतो, आणि ६६० डिग्रीला तो फ्लक्स टिकणार कसा? तांबं भट्टीतल्या हवेत काळं पडून पापुद्रे सोडतं, वितळायच्या आतच खलास होतं. चांदी मऊ पडून स्वतःच्याच वजनाने लोंबायला लागते. म्हणजे कधी वेळेआधी तुटेल, कधी थेंब दोन्ही बाजूंना चिकटून राहील. शिवाय ज्या चिनी मातीच्या आधारावर तार ठेवाल, तोही १००० च्या पुढे पूर्वीसारखा पक्का इन्सुलेटर राहत नाही. ज्याचा भरवसा धरता येत नाही त्याला सुरक्षा म्हणायचं नाही, हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे.

पण वितळणाऱ्या धातूवर भरवसा ठेवल्याची एक जुनी आणि यशस्वी गोष्ट आहे, ती सांगायलाच हवी. १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि माणसं मेली. बॉयलर सांभाळणारा मुलगा काम सोडून ईल मासे पकडायला गेला होता, असं ट्रेव्हिथिकने लिहून ठेवलंय. त्यानंतर त्याने बॉयलरमध्ये शिशाचा बूच बसवायला सुरुवात केली. पाणी आहे तोवर बूच पाण्याखाली थंड राहतो. पाणी कमी झालं, बूच उघडा पडला, की शिसं वितळतं, वाफ आगीवर येते आणि माणूस मासे पकडायला गेला असला तरी धोका कळतो. आपल्याकडच्या वाफेच्या रेल्वे इंजिनांमध्ये हाच लेड प्लग होता.

आणि घरात? कुकर. कुकरच्या झाकणावर शिट्टीच्या बाजूला तो छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो ना, अनेक कुकरांमध्ये त्याच्यात वितळणारा मिश्रधातूच असतो. शिट्टी अडकली किंवा पाणी आटलं की तो वितळून वाफेला वाट करून देतो. आई म्हणते "व्हॉल्व्ह उडाला". तोच थर्मल फ्यूज, फक्त वीज तोडण्याऐवजी वाफ सोडणारा. मॉलमध्ये छतावर स्प्रिंकलर दिसतात, त्यातली लाल काचेची नळी ६८ डिग्रीला फुटते. तीही त्याच कुळातली.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. हे सगळे कमी तापमानाच्या जागी बसलेले आहेत. लेड प्लगच्या एका बाजूला धगधगती आग असते, पण दुसऱ्या बाजूचं पाणी त्याला थंड ठेवतं. म्हणजे तो आगीचं तापमान मोजत नाही, पाणी आहे की नाही ते बघतो. हा मुद्दा डोक्यात ठेवा, कारण २४० चा फ्यूज १२०० च्या भट्टीला कसा उपयोगी पडतो त्याचं उत्तर यातच आहे.

त्याआधी एक खरोखरचा उच्च तापमानाचा फ्यूज दाखवतो. दिसायला अगदी साधा आहे. मातीचा छोटा सुळका. कुंभारकाम शिकलेल्यांनी ओळखला असेल, हा पायरोमेट्रिक कोन. जर्मनीत हर्मान सेगरने १८८६ साली असे कोन काढले, पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ मध्ये त्यांचं उत्पादन सुरू केलं. ठरावीक मिश्रणाची माती आणि ग्लेझची द्रव्यं यांचा हा सुळका उष्णतेने मऊ होऊन वाकतो. कोन ६ वाकतो साधारण १२२० ते १२४० ला, कोन १० वाकतो १२८५ ते १३०५ च्या दरम्यान. नेमका आकडा तुम्ही किती वेगाने तापवता त्यावर ठरतो, कारण कोन फक्त तापमान बघत नाही, किती वेळ तापला तेही बघतो. भांडंही तसंच भाजतं, म्हणून कुंभाराला कोन आवडतो.

आता या कोनाचा स्विच कसा करतात बघा. किल्न सिटर नावाचं एक यांत्रिक उपकरण आहे. भट्टीच्या भिंतीतून एक नळी आत जाते. आतल्या टोकाला दोन आधार, त्यांच्यावर आडवा ठेवलेला छोटा कोन, आणि कोनावर टेकलेली एक सळई. कोन वाकला की सळई हलते, बाहेरच्या टोकाचा अडकवलेला आकडा सुटतो, वजन खाली पडतं आणि स्विच बंद होतो. आत मातीचा कोन आणि सळई, बाकी सगळं थंड जागी बाहेर. स्प्रिंग नाही, इपॉक्सी नाही. एकदाच चालतो, पुढच्या भाजणीला नवा कोन ठेवायचा. तुम्ही जो १२०० डिग्रीचा फ्यूज शोधताय, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू ही. डिजिटल कंट्रोलर असला तरी अशा भट्टीत एक नंबर वरचा कोन ठेवून सिटरला राखणीला बसवता येतं.

पण प्रत्येक भट्टीला सिटर नसतो, आणि मफल फर्नेसला तर नसतोच. तिथे काय करायचं हे सांगण्याआधी, नक्की कशापासून वाचायचंय ते समजून घेऊ. एक प्रसंग सांगतो.

एका कॉलेजातून सकाळी साडेसातला फोन आला. रात्रीची भाजणी लावून सगळे घरी गेले होते. सकाळी शिपायाने दार उघडलं तर खोलीत धग, भिंतीवरचा रंग फुगलेला, भट्टीच्या मागच्या खिडकीची चौकट काळी. मी गेलो तेव्हा भट्टी अजून लाल होती. थंड झाल्यावर उघडली तर आतले शेल्फ वाकून भांड्यांवर बसलेले, ग्लेझ वाहून विटांत मुरलेलं, कॉइल दोन ठिकाणी वितळून तुटलेली. कॉइल तुटली म्हणून भट्टी थांबली. त्या रात्री थर्मल फ्यूजचं काम शेवटी कॉइलने केलं. माणसाला इजा झाली नाही, पण शिपाई त्याच इमारतीत झोपतो.

विभागप्रमुख बाईंनी मला एकच विचारलं, "एमसीबी का नाही पडला?" फार चांगला प्रश्न होता, आणि बहुतेकांच्या मनात हाच गोंधळ असतो. एमसीबीला किंवा साध्या फ्यूजला फक्त करंट कळतो, उष्णता कळत नाही. त्या भट्टीचा करंट होता ३० अँपियर. ९०० डिग्रीलाही जवळपास तेवढाच आणि १३५० लाही जवळपास तेवढाच. वायरिंगच्या दृष्टीने रात्रभर सगळं व्यवस्थित चाललं होतं. एमसीबीने पडावं असं काही घडलंच नव्हतं.

मग बिघडलं काय? थर्मोकपल. भिंतीतून आत शिरलेली त्याची नळी धरणारा स्क्रू ढिला होऊन ती बाहेर सरकली होती. टोक भट्टीत असायच्या ऐवजी विटेच्या जाडीत आलं. तिथे तापमान कमी. कंट्रोलरला वाटलं भट्टी मागे पडतेय, म्हणून त्याने कॉइलला पूर्ण वीज दिली. कंट्रोलर बिघडला नव्हता. त्याला जे सांगितलं गेलं, त्यावर त्याने प्रामाणिकपणे काम केलं.

भट्टी बेफाम होण्याची कारणं माझ्या अनुभवात चार-पाचच असतात. एक, थर्मोकपल सरकणं. दोन, कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटणं. मग कंट्रोलर 'बंद' म्हणतो आणि वीज चालूच राहते. सॉलिड स्टेट रिले असेल तर तो खराब होताना बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे तोही चालू अवस्थेतच मरतो. तीन, थर्मोकपलला खास केबल न वापरता साधी तांब्याची वायर जोडणं. थर्मोकपलच्या डोक्याशी ७० डिग्री आणि कंट्रोलरपाशी ३० असेल, तर कंट्रोलर ४० डिग्री कमी दाखवतो, आणि भट्टी ४० डिग्री जास्त तापते. चार, उलटी जोडणी. इथे एक गंमत आहे. के टाइप थर्मोकपलच्या अमेरिकन रंगसंगतीत पिवळी तार प्लस आणि लाल तार मायनस असते. आपल्या इलेक्ट्रिशियनला लाल दिसली की तो प्लसला लावणार! मग भट्टी तापते तसा आकडा खाली जातो. युरोपीय पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. आपल्या बाजारात दोन्ही मिळतात. वायर लावण्यापूर्वी कुठल्या पद्धतीची आहे ते बघा. आणि पाच, माणसाने चुकीचा आकडा भरणं.

आता लक्षात घ्या, या पाचांपैकी चारांत कंट्रोलरला स्वतःला काही कळत नाही. म्हणून त्याच कंट्रोलरमधला 'हाय अलार्म' लावून सुरक्षा झाली असं समजू नका. ज्या डोळ्याला चुकीचं दिसतंय, तोच डोळा पहारा कसा देणार?

म्हणून उपाय असा. दुसरा डोळा, दुसरं डोकं आणि दुसरा हात. दुसरा थर्मोकपल, पहिल्यापासून वेगळ्या भोकातून. त्याला जोडलेला वेगळा छोटा कंट्रोलर, ज्याला बाजारात 'ओव्हर टेम्परेचर लिमिट कंट्रोलर' म्हणतात. आणि त्याच्या ताब्यात दुसरा, वेगळा कॉन्टॅक्टर, पहिल्याच्या मालिकेत. पहिला चिकटला तरी दुसरा तोडेल. तुम्ही जे 'थर्मल फ्यूज' म्हणून शोधत होता, ते दुकानात या नावाने मागा.

मागताना तीन प्रश्न विचारा. पहिला: एकदा तुटल्यावर हा आपोआप परत चालू होतो का? उत्तर 'नाही' पाहिजे. माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत तो बंदच राहिला पाहिजे, नाहीतर तो फ्यूज नाही, थर्मोस्टॅट झाला. दुसरा: थर्मोकपल तुटला तर काय होतं? उत्तर 'वीज बंद होते' असं पाहिजे. तिसरा: या कंट्रोलरचीच वीज गेली तर काय? उत्तर पुन्हा 'बंद'. म्हणजे सगळं ठीक असेल तरच कॉन्टॅक्टर ओढलेला राहील. काहीही बिनसलं की सुटेल. दुकानदार एकाही प्रश्नाला अडखळला तर माहितीपत्रक मागा.

थर्मोकपल कुठला घ्यायचा? १००० ते ११०० पर्यंत के टाइप चालतो. त्याच्या वर तो चालतो पण हळूहळू चुकायला लागतो, म्हणून दरवर्षी बदला, किंवा एन टाइप घ्या. रोज १२५० च्या वर जाणार असाल तर प्लॅटिनमचा आर किंवा एस टाइप. महाग आहे, पण वितळलेल्या भट्टीइतका नाही. लिमिटचा आकडा तुमच्या कमाल भाजणीच्या २०-३० डिग्री वर ठेवा. कॉइलची शेवटची मर्यादा वेगळी आणि तुमच्या शेल्फची वेगळी. दोन्हींत जी कमी, तिच्या खाली राहा.

आता २४० च्या फ्यूजकडे परत येऊ. त्याला फेकू नका. लेड प्लगचा धडा आठवा: आगीत नाही, आगीच्या शेजारच्या थंड जागी. भट्टीच्या बाहेरच्या पत्र्यावर, कॉइलच्या जोडण्या असतात त्या डब्यात, कंट्रोल पॅनलच्या आत. इन्सुलेशन खचलं, एखादी जोडणी ढिली होऊन तापायला लागली, पॅनलचा पंखा बंद पडला, हे सगळं त्याला कळतं आणि आतल्या थर्मोकपलला कळत नाही.

कितीचा लावायचा हे अंदाजाने ठरवू नका. त्या जागी एक थर्मोकपल चिकटवा आणि मे महिन्यात एक पूर्ण भाजणी करून बघा. भट्टी बंद केल्यावरही तासभर मोजा, कारण बाहेरचा पत्रा नंतर जास्त तापतो. समजा, सगळ्यात जास्त १३० आलं. तर ज्याचा टीएच, टीएफ नव्हे, १३० च्या बऱ्यापैकी वर आहे असा फ्यूज घ्या. नाहीतर तो सहा महिन्यांत विनाकारण उडेल, आणि विनाकारण उडणाऱ्या फ्यूजला लोक काय करतात ते मी सांगायला नको.

बसवताना चार गोष्टी. हे फ्यूज १० किंवा १५ अँपियरचे असतात, त्यामुळे भट्टीचा ३० अँपियर त्यांच्यातून नेऊ नका. त्यांना सुरक्षेच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये घाला. सोल्डर करू नका, क्रिंप करा. सोल्डरिंगच्या उष्णतेनेच गोळी वितळते आणि नवा फ्यूज बसवतानाच उडतो. गोळीवाल्या फ्यूजची धातूची नळी आतून एका तारेला जोडलेली असते, म्हणजे तिच्यात वीज असते. तिच्यावर उष्णता सोसणारी स्लीव्ह हवीच. आणि तारा अगदी नळीच्या तोंडापाशी वाकवू नका, सील तडकतं.

२५० ते ३५० च्या मधले, म्हणजे पावडर कोटिंगवाले आणि बेकरी ओव्हनवाले विचारतील, आमचं काय? तुमच्यासाठी तांब्याच्या बारीक नळीचा, कॅपिलरीवाला सेफ्टी थर्मोस्टॅट मिळतो, हाताने रीसेट करायचा. नळीतलं द्रव प्रसरण पावून स्विच तोडतं. स्वस्त आहे, वीज लागत नाही, आणि ओव्हन दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला माहीत असतो. फक्त 'मॅन्युअल रीसेट'च मागा.

शेवटचं, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं. सुरक्षा बसवणं सोपं, तिला जिवंत ठेवणं अवघड. मी कितीतरी पॅनल उघडलेत जिथे लिमिट कंट्रोलर दिमाखात बसलेला असतो आणि मागे त्याच्या दोन टोकांना एक इंचाची वायर जोडलेली असते. ऑर्डर पूर्ण करायची होती, भट्टी मध्येच थांबत होती, कुणीतरी "तात्पुरतं डायरेक्ट" केलं. ते तात्पुरतं तीन वर्षं चालू असतं. ट्रेव्हिथिकच्या काळात मुलगा मासे पकडायला गेला. आपण जम्पर मारून घरी जातो. फरक फार नाही.

म्हणून महिन्यातून एकदा दोन मिनिटांची परीक्षा घ्या. भट्टी ३०० डिग्रीला चालू असताना लिमिटचा आकडा २५० ला आणा. 'खट्' असा आवाज येऊन वीज गेली पाहिजे. मग आकडा परत वर न्या. वीज आपोआप येता कामा नये. बटण दाबल्यावरच आली पाहिजे. तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव भट्टीच्या दारावर खडूने लिहा. खडू अशासाठी, की दर महिन्याला पुसून नवीन लिहावं लागतं, आणि जुनी तारीख येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

त्या कॉलेजात आम्ही दुसरा थर्मोकपल, लिमिट कंट्रोलर आणि दुसरा कॉन्टॅक्टर बसवला. नव्या कॉइलच्या आणि विटांच्या बिलापुढे तो खर्च किरकोळ होता. आता महिन्याची परीक्षा तिथला शिपाई स्वतः घेतो. त्याने मला सांगितलं, "साहेब, खाली मीच झोपतो ना."

तुमच्याकडे भट्टी असेल तर आज एवढंच करा: पॅनल उघडून बघा, तुमची भट्टी किती डोळ्यांवर चालते. एकावर चालत असेल तर रात्रीची भाजणी लावून घरी जाऊ नका. प्रश्न असतील तर व्हिडिओखाली लिहा. भट्टीचा प्रकार, कमाल तापमान आणि करंट एवढं जरूर लिहा, म्हणजे उत्तर देता येईल.